कोबीच्या उशाशी बर्फ

मी आधीच सांगून ठेवतो, बागकाम या विषयात मला कोणी शिकवायला येऊ नये! ज्या माणसाचं नाव बारशाच्या दिवशीच गुलाब ठेवलं गेलं, त्याच्या हाताला मातीचा गुण असणारच. आता आजवर माझ्या हातून एक कढीपत्ता, दोन पपया आणि एक तुळस एवढी झाडं वारली, ही गोष्ट खरी. पण ती मुळातच अशक्त होती!

गोष्ट दोन हजार तीन सालची. वर्ध्यात आर्वी नाक्याकडे आमचं बसकं घर आणि त्याच्यापुढे चांगलं ऐसपैस अंगण. मी कचेरीत आवक-जावक सांभाळायचो. शेजारी अण्णाजी. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून भाजीपाल्याच्या मागे लागलेले. त्यांचं वांगं गार्डाच्या कंदिलाएवढं! त्यांचा मुळा उपटायला दोन माणसं लागायची! आमच्या भागातल्या भगिनी मंडळाची परसबाग स्पर्धा त्यांनी सलग चार वर्षं जिंकली होती. दर वर्षी बक्षीस घेऊन आले की कुंपणावरून मला म्हणायचे, "गुलाबराव, तुमी बी भाग घेत जा ना. कोनी तरी शेवटचं पाह्यजे!"

हे वाक्य चार वर्षं ऐकलं. पाचव्या वर्षी मी भाग घेतला.

त्याला कारणही तसंच घडलं. माझा मेहुणा प्रफुल कॅनडात असतो. त्याच्या गावी हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली तीस अंश उतरतो. धुतलेली पँट दोरीवर टाकली की ती आपल्या पायांवर उभी राहते म्हणे! त्यानं ऑगस्टात एका ओळखीच्या माणसाबरोबर माझ्यासाठी एक पुस्तिका पाठवली. आमची आचल तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं ती वाचून मला मराठीत सांगितली.

"बाबा, याचं नाव आहे, अतिथंड प्रदेशात शरद ऋतूतल्या भाज्या आणि त्यांचे सोबती."

"वा! पुढे?"

"बाबा, अतिथंड प्रदेशात."

"अगं, थंडी आपल्याकडे पडत नाही का? गेल्या डिसेंबरात मी स्वेटरवर स्वेटर घातला होता!"

पुस्तिकेत जे होतं ते ऐकून मी थक्क झालो. प्रत्येक भाजीला म्हणे मित्र असतात आणि वैरी असतात! कोबीच्या शेजारी कांदा आणि शेपू लावावा, म्हणजे त्यांच्या वासानं किडीला कोबीचा पत्ता सापडत नाही. गाजराचंही कांद्याशी पटतं. मुळ्याला पालक चालतो. पण शेंगवर्गीय भाजी आणि कांदा यांना चुकूनही शेजारी बसवू नये, दोघंही खुरटतात! मी मांडीवर थाप मारली. ही तर आमच्या कचेरीतली बसण्याची व्यवस्था! कोणाचं टेबल कोणाजवळ ठेवायचं आणि कोणाला खिडकीपाशी एकटं सोडायचं, हे गेली वीस वर्षं मीच ठरवत होतो. या पुस्तिकेचा मराठी माणसांत माझ्याइतका लायक वाचक दुसरा नव्हता.

सप्टेंबरात मी कुदळ उचलली. सासरे प्रभाकरराव जाम गावी शेती करतात, त्यांच्याकडून कोबीची रोपं मागवली. वाफे आखले. कोबी, मधे कांदा, कडेनं शेपू. पलीकडे गाजर, त्याच्यापुढे मुळा आणि पालक, कुंपणाला झेंडू. खणताना कुदळीखाली फोनची तार आली आणि तुटली, पण एवढ्या मोठ्या कामात तेवढं चालायचंच. "दुरुस्तीला सांगतो" असं मी रक्षाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला, रोज सांगत होतो.

आणि काय सांगू! बाग आली! खरोखर आली! किडीनं अण्णाजींच्या कोबीची चाळण केली, पण आमच्याकडे फिरकली नाही. डिसेंबर लागेपर्यंत कोबीचे गड्डे असे गच्च झाले की त्यांच्यावर तबला वाजवावा. अण्णाजी कुंपणाशी येऊन नुसते उभे राहायला लागले. काही बोलायचे नाहीत. ते न बोलणं माझ्या कानाला इतकं गोड लागायचं की मी त्यांच्यासाठी मुद्दाम खुर्ची टाकून ठेवली.

इथं मी थांबायला हवं होतं. पण पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं ना!

आचलनं वाचलं, "पहिलं हिव पडून गेलं की कोबी आणि गाजर गोड होतात. थंडी वाजली की झाड आपल्या अंगात साखर साठवतं. मात्र फार थंडी बाधू नये म्हणून खाली गवताचा थर द्यावा आणि वरून जाड पांघरूण घालावं."

"हिव म्हणजे?"

"दव गोठून बर्फ होतं ते. आपल्याकडे नाही होत, बाबा."

मी वाट पाहिली. परीक्षक येणार होते एकवीस डिसेंबरला, रविवारी दुपारी बारा वाजता. वीस तारीख उजाडली तरी पारा चौदाच्या खाली यायला तयार नाही! मी पहाटे अंगणात जाऊन कोबीच्या पानाला हात लावून पाहायचो. कोमट! आणि इकडे स्पर्धेच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं, "परीक्षक भाजी चाखूनही पाहतील." अण्णाजींच्या बागेत सगळं होतं, पण गोडवा? तो आणला की पहिला नंबर खिशात!

थंडी पडत नाही ना? मग आपण पाडू!

शनिवारी दुपारी मी बर्फवाल्या प्रेमदासला गाठलं. "संध्याकाळी दोन लाद्या घरी आण. आणि हे बघ, गुपचूप. कोणाला बोलायचं नाही!" अण्णाजींना सुगावा लागला असता तर त्यांनी चार लाद्या आणल्या असत्या.

प्रेमदासनं माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं. डिसेंबरात, लग्नाकार्याशिवाय, दोन लाद्या, त्याही गुपचूप! पण तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. संध्याकाळी ठेला घेऊन आला. अंगणात गवताऐवजी अंथरलेलं कुटार, म्हणजे भुसा, पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढली. आवाज खाली आणून म्हणाला, "केवा झालं, भाऊ?"

मला वाटलं, तयारी विचारतोय. "सकाळीच! सगळं आवरून ठेवलंय."

"जामचे का?"

माझी सासुरवाडी जामची हे त्याला ठाऊक होतं, पण रोपंही जामची हे कसं कळलं! "हो, जामचेच. सासऱ्यांकडचे."

"वय?"

"पंच्याऐंशी!" लावणीला पंच्याऐंशी दिवस झाले होते. मी रोज मोजायचो.

"म्हंजे भरलं होतं म्हना."

"गच्च भरलंय!"

"मंग उद्या किती वाजता?"

"उद्या बाराला माणसं येतील, नीट बघतील. त्यांचं बघून झालं की मग कापायचं."

प्रेमदासचा चेहरा त्याच्या लाद्यांहून पांढरा झाला. "कापाचं? म्हंजे तसली केस हाय का!" असं काहीतरी पुटपुटला, दोन्ही हात जोडले आणि रिकामा ठेला घेऊन असा पळाला की त्याची एक चप्पल आमच्या फाटकातच राहिली.

मला कुठं वेळ होता विचार करायला? मी बत्त्यानं बर्फ फोडला, प्रत्येक गड्ड्याभोवती ओंजळ-ओंजळ पसरला. आता पांघरूण. घरात जाड असं एकच होतं. सासूबाईंनी, म्हणजे सुलोचनाबाईंनी, रक्षाला लग्नात दिलेल्या सात गोधड्या. जुन्या लुगड्यांच्या, हातानं शिवलेल्या, टाका असा बारीक की मुंगीला चालायला जागा नाही. पेटीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेल्या. रक्षा बाजारात गेलेली. मी पेटी उघडली.

ती परत आली तेव्हा कोबी अंथरुणात निजला होता.

"हे काय करून राह्यले तुम्ही?"

"कोबीला थंडी देतोय."

"आन गोधड्या काऊन घातल्या?"

"थंडी बाधू नये म्हणून."

तिनं हातातली पिशवी खाली आपटली. "आदी थंडी लावाची आन मंग पांघरून घालाचं! डोकं ठिकानावर हाय का तुमचं? आई पाह्यन ना, तर तुमालेच बर्फात ठेवन!"

"तुझी आई जामला आहे. उद्या बारा वाजता गोधड्या काढतो, वाळवतो, पेटीत ठेवतो. कोणाला कळणारही नाही!"

ही बढाई मला किती महागात पडली, ते आता ऐका.

रविवारी सकाळी मी फाटकाशी दात घासत उभा होतो. आमचा दूधवाला डोमाजी आला. अंगणात नजर टाकली. कुटार अंथरलेलं, त्याच्यावर एका रांगेत सात गोधड्या आणि प्रत्येकीखाली डोक्यांएवढे उंचवटे.

"पाहुने लय आले जी! दमलेले दिसते."

तोंडात फेस होता. मी नुसती मान डोलावली.

"लगनाचं जुळून राह्यलं का पोरीचं? बरं झालं बाप्पा!" असं म्हणून त्यानं आमच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, मोजून आठ लिटर दूध ओतलं आणि मी चूळ भरेपर्यंत तो कोपऱ्यावर पोहोचलासुद्धा!

अजून मी त्या दुधाकडे बघतोच आहे, तेवढ्यात अण्णाजी आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, हातात झेंडूचा हार. त्यांच्या मागे गल्लीतल्या सात-आठ बाया, पदर डोक्यावरून घेतलेल्या. कोणाच्या हातात पिठल्याचा डबा, कोणाच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. ज्या घरी चूल पेटत नाही त्या घरी आमच्याकडे असंच नेतात. पण माझ्या डोक्यात बाग! मला वाटलं, अण्णाजींनी हार मानली आणि गल्लीला घेऊन अभिनंदनाला आले!

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी. "गुलाबराव, आपल्यात कुंपन असन, पन मन साफ हाय. लय चांगला मानूस होता."

"कोण?"

"असं होते. पयल्या दिवशी मानसाले खरंच वाटत नाई."

मी म्हणालो, "अण्णाजी, बसा. बारा वाजता उघडायचं आहे."

बायांनी एकदम हुंदका दिला. रक्षा घाबरून बाहेर आली, तर दोघींनी तिला मिठीच मारली. "रडू नको माय! बाप काय जल्मभर पुरते का?"

"कोनाचा बाप?" रक्षा किंचाळली.

आणि तेवढ्यात फाटकाशी एक जीप करकचून थांबली.

झालं असं होतं, की प्रेमदासनं काल संध्याकाळी एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर मन मोकळं केलं. तिथून बातमी आमच्या गल्लीत आली ती माझे सासरेच गेले अशी. तिथं जामच्या गाडीचा कंडक्टर चहा पीत होता. त्यानं जामला उतरल्याबरोबर सासऱ्यांना सांगितलं, तुमच्या जवायाच्या घरी कोणीतरी गेलं. सासऱ्यांनी रात्रभर फोन लावला. फोन कुठून लागणार? तो तर माझ्या कुदळीखाली आला होता!

जीपमधून आधी सासूबाई, मग दोन मावश्या, चुलत सासरे, त्यांच्या सुना, अशी माणसं निघतच राहिली. जीपला तळच नाही असं वाटायला लागलं. बारा झाली, तेरावे उतरले ते स्वतः प्रभाकरराव! फेटा बांधलेले, धडधाकट, पायात कोऱ्या वहाणा!

गल्लीतल्या बाया दोन पावलं मागे सरकल्या. एकीच्या हातून पिठल्याचा डबा खाली गेला. अण्णाजी तर हार धरलेल्या हातांनी तसेच उभे. ज्याच्यासाठी हार आणला तो माणूस समोरून चालत येतोय! काय करावं ते न सुचून त्यांनी तो हार प्रभाकररावांच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "या. प्रवास बरा झाला ना?"

सासऱ्यांनी हाराकडे पाहिलं, रडणाऱ्या बायांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून ओरडले, "जवाईबापू! कंडक्टर म्हनते कोनी मेलं. नाक्यावर दूधवाला भेटला, तो म्हनते नातीचं लगन जमलं, वऱ्हाड अंगनात झोपलं. आता मी रडू का हासू, ते सांगा आदी!"

मी तोंड उघडलं. पण त्याआधी सासूबाईंना ती रांग दिसली. सात गोधड्या. त्यांच्या हातच्या. खाली उंचवटे आणि कडेनं बर्फाचं पाणी वाहतंय.

"अगं माय वं! सात जन!"

असा टाहो मी आयुष्यात ऐकला नाही. रक्षाला, आचलला, मला, सगळ्यांना समोर उभं पाहूनही त्या मोजत होत्या आणि कोण कमी आहे ते कळत नव्हतं. पुढं गेल्या, पहिल्या गोधडीशी बसल्या. सगळं अंगण श्वास रोखून उभं. त्यांनी गोधडीचं टोक धरलं, डोळे मिटले आणि उचललं.

कोबी!

चार गड्डे, शेजारी कांदा, कडेला शेपू. सगळे गारठून बसलेले.

सासूबाईंनी दुसरी गोधडी उचलली. कोबी. तिसरी. गाजर. हळूहळू त्यांची मान माझ्याकडे वळली.

"हे काय आहे?"

"कोबी," मी म्हणालो. "आणि त्याचे सोबती."

"माह्या गोधडीत?"

"त्याला थंडी वाजत होती."

"मंग मेलं कोन?" प्रभाकररावांनी विचारलं.

"कोणीच नाही!"

आधी आचल फिसकन हसली. मग अण्णाजी. मग ती पिठलंवाली बाई खाली सांडलेल्या पिठल्याशेजारीच बसून हसायला लागली. सासरे तर हार घालून असे गदगदा हसले की झेंडूच्या पाकळ्या उडाल्या. एकमेकांना टाळ्या देऊन माणसं हसत होती! "पंच्याऐंशी वय! भरलं होतं! मंग कापाचं!" मी प्रेमदासशी झालेलं बोलणं सांगितलं, ते लोकांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

फक्त एक व्यक्ती हसत नव्हती. सासूबाईंनी सातही गोधड्या पिळल्या, दोरीवर टाकल्या आणि पदर खोचला. "रक्षा, विळा आन."

मी वाफ्यासमोर आडवा झालो. "कशाला?"

"तेरा मानसं जामहून उपाशी आले. एवढी गल्ली उभी हाय. भाकरी हायेत, भाजी कोन देईन?"

"आई, बारा वाजता परीक्षक! बारापर्यंत! फक्त बारापर्यंत थांबा! पहिला नंबर आहे हो!"

"परीक्षकाले पोट नाई का?" असं म्हणून त्यांनी पहिला गड्डा कापला. सपकन! तो आवाज माझ्या मानेवर आला. मग मावश्या उतरल्या, सुना उतरल्या. पंच्याऐंशी दिवसांची बाग पंचवीस मिनिटांत साफ! मुळे गेले, पालक गेला, गाजरं तर धुण्याआधीच गल्लीतल्या मुलांनी खाल्ली. मी झेंडू वाचवायला धावलो, तर त्याचं तोरण झालं. अण्णाजी विळी घेऊन कांदा चिरत बसले आणि मला म्हणाले, "गुलाबराव, कांदा मस्त आला राजेहो!" चार वर्षांत पहिल्यांदा! आणि कांद्यानं की कशानं, दोघांच्याही डोळ्यांना पाणी.

अंगणात तीन दगडांची चूल पेटली. आठ लिटर दुधातल्या काहीचा चहा झाला, बाकीची खीर. वाफ्यात जे जे एकमेकांचे सोबती होते ते सगळे एका गंजात गेले. पुस्तिकेनं दूर ठेवायला सांगितलेल्या शेंगासुद्धा अण्णाजींच्या बागेतून आल्या, कांद्याबरोबर गेल्या आणि कोणाचं काही बिनसलं नाही.

बरोबर बारा वाजता परीक्षक आले. मंडळाच्या अध्यक्षा कमलाबाई, हातात वही. फाटकात उभ्या राहून त्यांनी समोर पाहिलं. उघडे वाफे, ओलं कुटार, दोरीवर सात गोधड्या आणि अंगणभर जेवणारी माणसं.

"गुलाबराव, तुमची बाग कुठे आहे?"

मी गंजाकडे बोट दाखवलं.

सासऱ्यांनी त्यांना पुढे बोलावलं, पाट दिला, ताट वाढलं. कमलाबाईंनी "नको नको" म्हणत भाकरीचा तुकडा मोडला, कोबीची भाजी लावली, तोंडात घातला. थांबल्या. पुन्हा एक घास घेतला.

"अहो, हा कोबी गोड कसा?"

सगळी पंगत माझ्याकडे पाहायला लागली! अण्णाजींचा घास हातातच राहिला. हळूच म्हणाले, "मी बी तेच म्हनून राह्यलो. माह्या कोबीले अशी गोडी कदीच नाई आली. काय केलं जी?"

मी तरंगायला लागलो! बाग गेली तर गेली, विद्या तर राहिली! मी उभा राहिलो. शरद ऋतू, हिव, झाडाच्या अंगातली साखर, कांद्याची सोबत, सगळं सविस्तर सांगितलं. बर्फ किती जाड फोडावा, गड्ड्यापासून किती बोटं लांब ठेवावा, पांघरूण केव्हा घालावं, काही शिल्लक ठेवलं नाही. कमलाबाई भराभर लिहून घेत होत्या. "म्हणजे आपल्याकडच्या हवेतसुद्धा हे जमतं! नंबर राहू द्या, पण पुढच्या महिन्यात मंडळात तुमचं भाषण ठेवू." अण्णाजींनी तर बर्फाचं प्रमाण दोनदा विचारलं आणि बोटांवर मोजून ठेवलं.

सासूबाई पळी घेऊन वाढत वाढत तिथवर आल्या होत्या.

"काय म्हनते जवाईबापू? गोड कायनं झाली?"

"बर्फानं, आई!"

"कायचा बर्फ!" त्यांनी माझ्या ताटात भाजी वाढली. "बर्फानं कोबी पानचट झाली होती, तोंडात धरवत नव्हती. मी मूठभर गूळ टाकला."

कमलाबाईंनी वहीतली दोन पानं आडवी रेघ मारून खोडली. अण्णाजींनी मोजलेली बोटं मिटली आणि खीर मागितली.

मी उठलो, कळशी घेतली आणि पंगतीत पाणी वाढायला लागलो.